गेलेल्या सोळा मुलांचं काय?

प्रश्न : आमची छोटी संस्था बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर तिसरी ते पाचवीच्या मुलांचे संध्याकाळचे वाचनवर्ग घेते. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून वर्षाला ६ लाख रुपये मिळतात. कंपनी आता ‘इम्पॅक्ट असेसमेंट’, म्हणजे कामाच्या परिणामाचं मूल्यमापन, मागते आहे. एका सल्लागारांनी त्याचे दीड लाख सांगितले. आमच्याकडे चाचण्यांचे आकडे आहेत. एका वस्तीच्या दोन्ही याद्या सोबत पाठवते. सप्टेंबरमध्ये ४० पैकी १२ मुलांना परिच्छेद वाचता येत होता, फेब्रुवारीत २४ पैकी १५ मुलांना. म्हणजे ३० टक्क्यांवरून ६२. एवढंच लिहून दिलं तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी पैशांचं. दीड लाख देऊ नका. मी स्वतः संस्थांसाठी हेच काम करते, तरी सांगते. जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार असं मूल्यमापन बंधनकारक आहे ते मागच्या तीन वर्षांत सीएसआरचं सरासरी देणं १० कोटी किंवा जास्त असलेल्या कंपनीवर, आणि तेही १ कोटी किंवा त्याहून मोठ्या, पूर्ण होऊन वर्ष उलटलेल्या प्रकल्पांसाठी. शिवाय ते कंपनीनेच त्रयस्थाकडून करून घ्यायचं असतं. तुमचा प्रकल्प ६ लाखांचा आहे. कंपनीच्या माणसाला हे नीट समजावून सांगा आणि ‘आम्ही काय शिकलो ते प्रामाणिकपणे लिहून देतो’ म्हणा. बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

आता आकड्यांचं. दोन्ही याद्या मी नावानिशी जुळवून पाहिल्या. फेब्रुवारीतल्या २४ मुलांपैकी १० जणांना सप्टेंबरमध्येच वाचता येत होतं. म्हणजे तुमच्या वर्गात नव्याने वाचायला लागली ती ५ मुलं. बाकीची वाढ दिसते, कारण १६ मुलं यादीतून गेली आणि त्यांतल्या १४ जणांना वाचता येत नव्हतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी टोळीबरोबर ऊसतोडीला निघाली आणि मुलांना सोबत घेऊन गेली. कच्ची मुलं गेली की सरासरी आपोआप वर चढते.

२०११ साली याच भागातल्या एका संस्थेच्या अहवालात मी हीच चूक केली होती. पुढच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर गेले. तिथे कोपीबाहेर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीबाहेर, एक दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चुलीपाशी बसली होती. आईवडील पहाटेच फडात गेले होते. बोलता बोलता तिने गावाचं नाव सांगितलं. त्या गावाचा आकडा मी ‘उत्तम’ या रकान्यात टाकला होता. ती मुलगी माझ्या कोणत्याच रकान्यात नव्हती. तेव्हापासून कोणतीही टक्केवारी समोर आली की मी आधी भागाकाराखालचा आकडा बघते.

‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारं ‘असर’ सर्वेक्षण तुम्हाला ठाऊक असेल. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशी ती चाचणी. ती सोपी आहे म्हणून सगळ्यांनी उचलली. पण त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ती मुलं शाळेत नाही, घरी जाऊन तपासतात. शाळेत न येणारं मूलही मोजलं जातं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो ३९ गावांत, आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांतले जन्म-मृत्यूही मोजले. दवाखान्यात पोचलेली बाळं मोजून भागणार नव्हतं, कारण मरणारी बाळं बहुधा घरीच मरत होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले आणि पुढे देशाच्या धोरणात ही पद्धत गेली. तुम्हाला एवढा पसारा करायची गरज नाही. वस्तीतलं प्रत्येक मूल यादीत राहील, एवढं मात्र बघा. गेलेल्या मुलापुढे ‘गैरहजर’ लिहू नका. कोणत्या कारखान्याला गेलं, कोणाबरोबर, कधी, ते लिहा.

अहवालात लिहा : ४० मुलं होती. २४ थांबली, त्यांतली ५ नव्याने वाचू लागली. १६ गेली. एवढ्याने निधी बंद होईल अशी भीती वाटते, हे मला कळतं. कधी कधी होतोही. पण ६२ टक्के लिहिलंत तर पुढच्या वर्षी कंपनी ७० मागेल, आणि ते गाठण्याचा सोपा रस्ता म्हणजे जाणारी मुलं वर्गात घ्यायचीच नाहीत. असं करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत.

त्याहून मोठा प्रश्न पुढचा आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. तुमचं काम वाचन शिकवण्याचं आहे की मूल गावात थांबवण्याचं? याद्या पाहता दुसरं काम जास्त गरजेचं दिसतं. थांबलेली २४ मुलं कोणाच्या भरवशावर थांबली, आजीच्या, चुलत्याच्या की हंगामी वसतिगृहाच्या, हे घरोघर विचारा. आजी आहे पण तिला स्वयंपाक झेपत नाही म्हणून मूल गेलं, अशी चार घरं जरी निघाली तरी पुढच्या वर्षीच्या पैशांतला काही भाग तिकडे वळवा. वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत गेला होता का, तेही तपासा. दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नसतो.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की टोळ्या परततील. त्या आठवड्यातच सोळाही मुलांची त्यांच्या घरी जाऊन चाचणी घ्या, आणि ती तिसरी यादी मला पाठवा.