‘मी पोटात असताना लाथा मारायचे का गं?’

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला काही भाग असा: ‘लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. पाच महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. तिला अजून सांगितलेलं नाही. मागच्या आठवड्यात वेणी घालताना तिनं विचारलं, “आई, मी पोटात असताना लाथा मारायचे का गं?” माझ्या तोंडून “हो, खूप” निघून गेलं. तेव्हापासून मला झोप नाही. शाळेत “माझं कुटुंब” असा तक्ता करायचा आहे, त्यात जन्मल्याबरोबरचा फोटो मागितलाय. आमच्याकडे तो नाही. मिस्टर म्हणतात, दहावी होऊ दे, मग सांगू. सासूबाई म्हणतात, सांगूच नका, पोर मनानं तुटेल. त्याच्या आधी एका लग्नात नात्यातल्या एका बाई तिच्यासमोरच म्हणाल्या, “कुणाची कोण, पण नशीब काढलं पोरीनं.” काय करू?’

ताई,

त्या ‘हो, खूप’बद्दल स्वतःला कोसणं आधी थांबवा. हातात लेकीची अर्धी वेणी, डोक्यात डबा आणि रिक्षावाल्या काकांचा हॉर्न. अशा वेळी कुणाच्याही तोंडून तेच निघालं असतं. पण ते तसंच राहू देऊ नका. आज ते एक वाक्य आहे. वर्षभरानं त्याला जोडून आणखी दहा गोष्टी रचाव्या लागतील.

मिस्टरांचं ‘दहावीनंतर’ मला पटत नाही. दत्तक घेतलेल्या मुलांच्या घरच्यांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली. एका मुलाला अकरावीच्या प्रवेशासाठी कागद शोधताना कपाटात दत्तकविधानाचा कोर्टाचा आदेश सापडला होता. दत्तक असण्याचं त्याला फार लागलं नव्हतं. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिला: ‘माझ्या प्रत्येक वाढदिवसाला जेवायला आलेल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं.’ तुमच्याकडेही तसंच आहे. त्या लग्नातल्या बाईंना ठाऊक आहे, शेजारपाजारी ठाऊक आहे. जिची गोष्ट आहे, फक्त तिलाच ठाऊक नाही. आणि मला वाटतं, तिला अंधुक काहीतरी लागलंय. लग्नातलं ते वाक्य तिनं ऐकलं आणि मग पोटातल्या लाथांचं विचारलं. ती चाचपून बघतेय.

म्हणून येत्या सुट्टीच्या दिवशीच बोला. मुद्दाम समोर बसवून, दोघांनी गंभीर चेहरे करून नको. मुलं तेवढ्यानंच धास्तावतात. तिच्या डोक्याला तेल लावायला बसा. हात चालू राहतो आणि डोळ्यांत डोळे घालायची सक्ती नसते. मिस्टर जवळपास असू देत. आणि साधं बोला:

‘परवा तू लाथांचं विचारलंस ना, तेव्हा मी चुकीचं सांगितलं. तू माझ्या पोटात नव्हतीस. दुसऱ्या एका बाईच्या पोटात वाढलीस, तिथून जन्मलीस. तिला तुला सांभाळणं जमणार नव्हतं. आम्हाला बाळ हवं होतं. तू पाच महिन्यांची होतीस तेव्हा आम्ही तुला घरी आणलं. याला दत्तक घेणं म्हणतात. मी तुझी आईच आहे, नेहमीसाठी.’

एवढं बोलून गप्प बसा. हे सगळ्यात अवघड जाईल, पण पुढचा प्रश्न तिचा येऊ द्या.

काही वाक्यं ओठावर येतील, ती मात्र आवरा. ‘आम्ही तुला निवडलं’ हे ऐकायला गोड आहे, पण निवडलेली वस्तू परतही करता येते, हे सात वर्षांच्या मुलीला दुकानात कळलेलं असतं. शिवाय ते खरंही नाही. तुम्ही रांगेतून बाळ उचललं नव्हतं. नोंदणी केली, घरी चौकशीला संस्थेच्या ताई आल्या, आणि क्रमानं तुमचा नंबर लागला. ‘ती गरीब होती म्हणून दिलं’ म्हणाल, तर ज्या महिन्यात ‘सध्या पैसे नाहीत गं’ म्हणाल त्या महिन्यात लेक रात्री जागी राहील. ‘तिचं तुझ्यावर प्रेम होतं म्हणूनच दिलं’ हेही नको. प्रेम तर तुम्हीही करता.

आणि कृष्ण-यशोदेची गोष्ट. सगळे तीच सुचवतात, तुम्हालाही कुणी सुचवलीच असेल. यशोदेच्या मायेबद्दल काही शंका नाही, पण त्या गोष्टीत कृष्ण शेवटी गोकुळ सोडून मथुरेला जातो. एका मुलीनं आईला थेट विचारलं होतं, ‘मग मी कधी जायचं?’

‘का दिलं’ हे ती विचारेलच. माहीत असेल तेवढंच सांगा आणि बाकीचं ‘मला ठाऊक नाही’ म्हणा. पण एक गोष्ट दर वेळी सांगा: ‘त्यात तुझी काहीच चूक नव्हती. तू रडायचीस म्हणून किंवा मुलगी होतीस म्हणून नाही.’ मुलं दोष स्वतःकडे ओढतात, आणि सांगत मात्र नाहीत.

‘त्या बाईंना भेटायचंय’ म्हणाली, तर हादरू नका. २०२२ च्या दत्तक नियमांत मुलांना आपलं मूळ शोधायची वाट ठेवलेली आहे. १८ वर्षं पूर्ण झाली की ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी तुमच्यासोबत. मात्र जन्मदात्या आईची ओळख गुप्त ठेवण्याचा हक्कही नियमांनी जपला आहे. म्हणून भेटीचं वचन देऊ नका. ‘शोधावंसं वाटलं तर आम्ही तुझ्यासोबत असू’, इतकंच द्या.

कदाचित ती ऐकून घेईल आणि म्हणेल, ‘बरं, मी खेळायला जाऊ?’ जाऊ द्या. तीन आठवड्यांनी भाजी घेताना अचानक प्रश्न येईल. आणि एक दिवस टीव्ही बंद केल्यावर येईल, ‘तू माझी खरी आई नाहीसच!’ तेव्हा रडू आलं तरी टीव्ही चालू करू नका. ‘तुला राग आलाय, कळतंय मला. आई मीच आहे, आणि टीव्ही आता बंद.’ घरातले नियम बदलले नाहीत, की तिला आतून बरं वाटतं. ती फार मिटून राहिली, झोप किंवा जेवण बिघडलं, तर ज्या संस्थेतून तिला आणलं तिथे फोन करा. दत्तक झाल्यानंतरचं समुपदेशन हे त्यांच्या कामातच येतं.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. तुम्हीच लिहिलंय, लेकीला बाळगुटी त्यांनी उगाळली, रात्र रात्र मांडीवर त्यांनी घेतलं. नात आपल्याला परकी मानेल, या भीतीनं त्या बोलतायत. त्यांना या गोष्टीत घ्या. बाळ दारात आलं तेव्हा भाकरतुकडा ओवाळून टाकला तो त्यांनी. तो प्रसंग नातीला त्यांच्याच तोंडून ऐकू दे. लग्नातल्या त्या बाईंना मात्र मिस्टरांनी स्वतः सांगायचं, ‘काकू, पोरीसमोर असं पुन्हा बोलायचं नाही.’ लेकीच्या कानावर पडेल असं.

लेकीला एवढंही सांगा, की ही गोष्ट गुपित नाही, पण तिची स्वतःची आहे. वर्गात कुणाला सांगायचं, नाही सांगायचं, ते ती ठरवेल. म्हणून तक्त्यासाठी तिला न विचारता वर्गातल्या बाईंना सगळं उलगडून सांगू नका. ‘जन्माचा फोटो नाही, लहानपणचा आणू का?’ एवढं पुरे. बहुतेक बाई हो म्हणतात. कित्येक घरांत तो फोटो नसतोच.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, की तिला आणलं त्या दिवशीचं पिवळं झबलं अजून ट्रंकेत आहे, आणि रिक्षात तिनं तुमचं मंगळसूत्र मुठीत धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नव्हतं. ते झबलं आदल्या रात्री काढून ठेवा. तेल लावून झालं की तिच्या हातात द्या. पोटातल्या लाथा तुम्हाला सांगता येणार नाहीत, पण ती मूठ किती घट्ट होती, ते तुमच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

तुमची,
ताई