टिपरच्या डिझेल पाईपचा रिकॉल आलाय, पार्ट तीन आठवड्यांनी मिळणार. तोवर गाडी चालवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टिपर २०२२ चा, कर्जावर घेतलेला, गोव्यात साखळी गावाच्या बाजूला खनिजाच्या वाहतुकीवर. कंपनीचा मेसेज आला की इंजिनावरच्या हाय प्रेशर डिझेल पाईपला भेग पडू शकते, तो फुकट बदलून देऊ. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पार्ट यायला तीन आठवडे लागतील. पाऊस तोंडावर आलाय, हप्ता थांबत नाही, आणि ओळखीचा मेस्त्री म्हणतो, आणा इकडे, ब्रेझिंग मारून (भेग पितळेने सांधून) देतो.

भाऊ, मी उसगावच्या बाजूला दोन गाड्या चालवतो, त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. माझं म्हणणं असं की आज गाडी उभी करा, कंपनीला लेखी विचारा, आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत भरलेली गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेझिंग तर अजिबात नको. पण या सगळ्याच्या आधी तो मेसेज तुमच्या ड्रायव्हरला वाचून दाखवा. आज संध्याकाळीच.

हे मी का सांगतोय ते ऐका. माझ्या एका गाडीला असंच पत्र आलं होतं, इंधनाच्या पाईपचंच. भाड्याची गर्दी होती. पत्र वाचलं, विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवलं आणि पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हटलं. त्या गाडीवर सत्तरी तालुक्यातला एक शांत मुलगा ड्रायव्हर होता. त्याने मला दोनदा सांगितलं, "पात्रांव (मालक), डिझेलाचो वास येता." नुकताच फिल्टर बदलला होता, तेव्हा सांडलं असेल, असं म्हणून मी विषय संपवला. पुढच्या आठवड्यात फोंड्याहून बेळगावचा माल घेऊन जाताना अनमोड घाटाच्या चढावर केबिनच्या मागून धूर यायला लागला. त्याने गाडी डावीकडे घेतली, चावी बंद केली, बॅटरीचा कटऑफ खेचला आणि आग विझवायचा सिलिंडर पूर्ण रिकामा केला. इंजिनाच्या तापलेल्या धुरावर फिरणाऱ्या टर्बोवरचं आवरण पेटलं होतं. त्याच्या उजव्या हाताचे केस जळले, बाकी तो वाचला, गाडीही वाचली. पत्राची गोष्ट त्याला नंतर सर्व्हिस सेंटरमध्ये कळली. घरी परतताना त्याने एवढंच विचारलं, "पत्र आयिल्लें जाल्यार म्हाका कित्याक सांगलें ना?" मला का सांगितलं नाही, याला माझ्याकडे काहीच उत्तर नव्हतं. पत्र मालकाच्या नावाने येतं आणि इंजिनावर बसलेला असतो तो ड्रायव्हर. ही गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आता हा पाईप इतका धोक्याचा का, ते समजून घ्या. आपल्या जुन्या गाड्यांचा डिझेल पंप वेगळा होता. आताच्या बीएस-६ गाड्यांत कॉमन रेल असते, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच जाड नळी. टाकीतून फिल्टरपर्यंत डिझेल कमी दाबाने येतं, पण हाय प्रेशर पंपाच्या पुढे, रेलपर्यंत आणि रेलपासून इंजेक्टरपर्यंत, दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. तुमच्या टायरमध्ये १२० पीएसआय हवा असते, म्हणजे साधारण ८ बार. त्या पाईपमधला दाब टायरच्या दोनशे पट धरा. अशा पाईपला केसाएवढी भेग पडली तर डिझेल थेंब थेंब गळत नाही, धुक्यासारखं उडतं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही ही आपली समजूत खरी आहे, पण ती बादलीतल्या डिझेलची. तेच डिझेल धुकं होऊन चढावर तापलेल्या टर्बोवर पडलं तर ठिणगीचीही गरज लागत नाही. भरल्या गाडीत चढावर टर्बोचा भाग चार-पाचशे अंशांच्या घरात तापतो, आणि डिझेलच्या वाफा अडीचशेच्या आसपास आपोआप पेट घेतात. म्हणूनच भरलेली गाडी काढू नका म्हणतोय. रिकामी गाडी सपाटीवरून सर्व्हिस सेंटरला नेणं आणि माल भरून घाट चढणं यांत फार फरक आहे. नेतानाही वास किंवा ओल असेल तर चालवत नेऊ नका, टो करून न्या.

ब्रेझिंगचंही यातच आलं. पाईपला आतून २००० बार सोसायचे असतात, वर इंजिनाची थरथर. सांधा मारला की त्या जागेची धातू मऊ पडते, आतल्या बाजूला कण राहतात, आणि तो कण इंजेक्टरमध्ये गेला तर एका पाईपच्या जागी सगळा सेट बदलायची वेळ येते. शिवाय कंपनीच्या पार्टला बाहेर हात लागला की रिकॉलच्या कामात वाद उकरायला त्यांना आयतं कारण मिळतं. तुमच्या मेस्त्रीचा हात चांगलाच असेल, मी कमी लेखत नाही. पण हे काम हाताच्या कसबाचं नाही.

गाडी उभी असताना रोज एकदा बघायचं ते असं. इंजिन थंड असताना पाईप, नट, क्लॅम्प कापडाने कोरडे पुसा. आपल्याकडची लाल धूळ इथे उपयोगी पडते: जिथे डिझेल झिरपतं तिथे ती चिकटून काळपट ओला चट्टा धरते. क्लॅम्प सैल किंवा गायब असेल तर फोटो काढून ठेवा, कारण पाईप बऱ्याचदा आधार सुटल्यानेच थरथरून तडकतो. चालू इंजिनवर बघायचंच झालं तर पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळ फिरवा, त्यावर ओल उमटते का बघा. हात लावून गळती शोधू नका. हे मी प्रत्येक ड्रायव्हरला, प्रत्येक क्लीनरला ओरडून सांगतो. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो. आत मांस कुजत जातं आणि उशीर झाला तर बोट, कधी हात जातो. असं झालं तर गावातल्या दवाखान्यात मलमपट्टी करत बसू नका, थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या आणि जाताच सांगा की हाय प्रेशरचं डिझेल आत गेलंय. यात तासांना महत्त्व आहे.

आणि कुणीही असो, इंजिन बंद केल्या केल्या नट सैल करायचा नाही. रेलमधला दाब उतरायला काही मिनिटं जावी लागतात.

केबिनमध्ये पावडरचा सिलिंडर आहे का, त्याचा काटा हिरव्यात आहे का, आणि तो ड्रायव्हरच्या हाताला लागतो की सीटमागे ताडपत्रीखाली दडपलाय, हे बघा. आग लागली तर केबिन उचलायची नाही, हवा मिळून भडका वाढतो. पाणीही मारायचं नाही, जळतं डिझेल पाण्यावर तरंगत पसरतं. चावी बंद, कटऑफ खेच, खालून पावडर मार, आणि आटोक्यात येत नसेल तर गाडी सोडून लांब हो. ड्रायव्हरला हे शेवटचं मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, नाहीतर तो मालकाची गाडी वाचवायला आगीजवळ थांबतो.

आता कागदांचं. तुमचा मेसेज खरा आहे ना, हे आधी पक्कं करा. आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाईटवर किंवा टोल फ्रीवर सांगून विचारा आणि रिकॉलचा कॅम्पेन नंबर मागून घ्या. गाडी जुनी घेतली असेल तर पत्र बहुतेक पहिल्या मालकाकडे गेलेलं असतं. ओळखीत कुणी कोल्हापूर, बेळगावहून जुनी गाडी आणली असेल तर त्यांनाही नंबर तपासायला सांगा, आणि परिवहनच्या पोर्टलवर स्वतःचा मोबाईल नंबर घालून घ्यायला सांगा.

मग कंपनीला आणि सर्व्हिस सेंटरला एकच ईमेल करा. फोनवर बोलणं ठीक, पण ते पुढे कुठे दाखवता येत नाही. ईमेलमध्ये चेसिस नंबर, कॅम्पेन नंबर, पार्ट कधी येणार असं कोण म्हणालं ती तारीख, आणि सरळ प्रश्न: पार्ट येईपर्यंत ही गाडी माल भरून चालवणं सुरक्षित आहे का? नसेल तर तुम्ही काय सोय करणार? सुरक्षित आहे असं लेखी द्यायला ते सहजासहजी तयार होत नाहीत, आणि नाही म्हणून लिहिलं की पार्ट लवकर मागवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. माझ्या वेळी "महिना लागेल" म्हणणाऱ्यांनी ईमेलनंतर नवव्या दिवशी गाडी आणायला सांगितलं. दुसऱ्या डेपोत पार्ट आहे का, हेही विचारा. वेर्ण्यात नसेल तर बेळगाव, कोल्हापुरात असू शकतो. कंपनीने तपासणीच्या अटी घालून चालवायला हरकत नाही असं लेखी दिलं, तर त्या अटी पाळून, वर सांगितलेलं रोजचं बघणं चुकवू न देता चालवा.

हे काम कंपनी उपकार म्हणून करत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. त्यानुसार ज्या दोषामुळे ड्रायव्हरला, आत बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या लोकांना धोका आहे, त्यासाठी केंद्र सरकार गाड्या परत मागवायला लावू शकतं. दोष कंपनीच्याच लक्षात आला तर सरकारला कळवून रिकॉल सुरू करणं तिच्यावर बंधनकारक आहे. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, सात वर्षांपेक्षा जुन्या नसलेल्या गाड्यांना ते लागतात, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. कंपनी टाळाटाळ करायला लागली तर वाहन पोर्टलवर रिकॉलची तक्रार नोंदवा. तुमच्याच मॉडेलचे बाकी ट्रक मालक शोधा, त्यांनाही नोंदवायला लावा, कारण एका मॉडेलच्या तक्रारी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या की सरकार चौकशी लावतं. खनिजपट्ट्यात ट्रक मालकांची एकी आहे. २०१८ च्या मार्चात खाणी थांबल्या तेव्हा आपण एकत्र उभे राहिलो, तसं इथेही एका सुरात बोललं तर ऐकावं लागतं.

खोळंब्याच्या भाड्याचं खरं सांगतो. त्या कलमात दुरुस्ती आहे, बदली गाडी आहे, किमतीचा परतावा आहे, उभ्या गाडीच्या बुडालेल्या भाड्याचा शब्द नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. "धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकून परत फिरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुम्हाला ग्राहक मानतो. एक-दोन गाड्यांवर संसार चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही बाजू नीट मांडावी, मोठ्या ताफ्याच्या मालकाला ती अवघड जाते. उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीला आहे, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाका. उभ्या दिवसांची नोंद आणि आधीच्या महिन्यांच्या ट्रिपांच्या पावत्या आजपासून एका फाईलमध्ये जमवा.

बँकेत कंपनीचा मेसेज आणि सर्व्हिस सेंटरचं उत्तर घेऊन जा आणि एक हप्ता पुढे ढकलून मागा. देतीलच असं नाही, पण हप्ता चुकायच्या आधी गेलेल्या माणसाशी बोलणं वेगळं होतं. विम्याचंही लक्षात ठेवा. पॉलिसीत अट असते की मालकाने गाडी नीट ठेवायची आणि नुकसान टाळायची वाजवी काळजी घ्यायची. रिकॉलचा मेसेज मोबाईलमध्ये असताना गाडी पेटली तर तो मेसेज क्लेमच्या वेळी तुमच्याच विरुद्ध वाचला जाऊ शकतो.

पार्ट आला की गाडी सोडताना जॉबकार्डवर कॅम्पेन नंबर लिहून घ्या, रक्कम शून्य लिहून घ्या. "सर्व्हिसिंगही करून टाकू" म्हणाले तर त्याचं वेगळं जॉबकार्ड करा. क्लॅम्प नवे घातले का विचारा, काढलेल्या पाईपचा फोटो घ्या. काम झाल्यावर पहिली ट्रिप हलकी करा, परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि तो पाईप पुन्हा एकदा कोरड्या कापडाने पुसून बघा. ड्रायव्हरला शेजारी उभा करून.