प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी

ठाणे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

वाशीच्या हॉटेलात दर शनिवारी जॅझ गाण्याचे काम मिळाल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. आवाज आणखी कसा तयार करावा, असे तू विचारले आहेस. परंतु तुझ्या आवाजाची मला काळजी नाही, तू वादकांशी काय बोलतेस याची आहे. पियानोवादकाने पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज कोणत्या स्वरावर धरायचा ते, विचारल्यावर ‘तुम्हाला सोयीची असेल ती’ असे उत्तर देणारी गायिका त्या संचात पाहुणीच राहते.

ख्याल शिकताना तू काळी दोनचा षड्ज धरून सगळे राग गायलीस. इथे तसे चालत नाही. एखाद्या गाण्याची चाल षड्जाच्या खाली बरीच उतरते, तर दुसऱ्याची वरच्या षड्जापलीकडे जाते. म्हणून एक गाणे तुला ई फ्लॅटमध्ये, म्हणजे तुझ्या काळी दोनमध्ये, शोभेल आणि दुसरे त्याच आवाजाला बी फ्लॅटमध्ये घ्यावे लागेल. हार्मोनियमवर प्रत्येक गाण्याचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर तपासून पट्टी ठरव, आणि पियानो व बास वाजवणाऱ्यांसाठी त्या पट्टीत लिहिलेले कागद स्वतः घेऊन जा. लय देण्यापूर्वी पहिल्या दोन ओळी मनात म्हणून पाहा, कारण घाईने दिलेली लय संपूर्ण गाणेभर सोसावी लागते.

जॅझमधली पुष्कळ जुनी गाणी ३२ मात्राखंडांची (बारची) असतात: आठ-आठांचे चार भाग, त्यांतला तिसरा निराळ्या चालीचा. सॅक्सोफोनवादक आपले आवर्तन वाजवत असताना तू पाणी पी, पण मोजणी सोडू नकोस. सरगमेचा सराव असल्याने शब्द टाकून ताना घेण्याचा मोह तुला होईल. निदान पहिले वर्षभर तो आवर आणि शब्द अर्थासह सरळ गा.

प्रसिद्ध अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी चिक वेब यांच्या वाद्यवृंदात दाखल झाली आणि नाचायला आलेल्या लोकांसमोर कित्येक वर्षे गात राहिली. तिचे नंतरचे थक्क करणारे गाणे वादकांच्या त्या सहवासात घडले, असे मी मानतो.

मानधन आधी ठरवून घे. येत्या रविवारी पट्ट्यांची वही घेऊन ठाण्याला ये. एकेक गाणे पियानोवर तपासू.

तुझा,
गुरुजी