वाचकांचे प्रश्न : बायपास मशीनवर करायची की धडकत्या हृदयावर?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही रावेर तालुक्यातले, केळीची शेती आहे. आमच्या आबांना ६८ वर्षं, शुगर जुनी, अँजिओग्राफीत तिन्ही नळ्यांत ब्लॉक निघाले. एका ठिकाणी सांगितलं हृदय थांबवून मशीनवर बायपास करू, दुसरीकडे म्हणतात धडकत्या हृदयावरच करू, मशीन लागतच नाही. आबांना गावात कोणीतरी सांगितलं की मशीनवर गेलेला माणूस विसराळू होतो, तेव्हापासून एकच धरून बसलेत, "मनं काळीज कोनी बंद करानं नही". नवीन अभ्यासात काय निघालंय?

उत्तर : दादा, आबांची भीती उगाच नाही. २००१ मध्ये अमेरिकेत बायपास झालेल्या २६१ जणांची स्मरणशक्ती तपासली होती, घरी जाताना निम्म्याहून जास्त लोकांची कमी झालेली, सहा महिन्यांत बरीच सुधारली आणि पाच वर्षांनी परत ४२ टक्के लोकांत घसरण दिसली. खापर मशीनवर फुटलं. पण त्यात मशीनशिवाय ऑपरेशन झालेल्यांशी तुलनाच नव्हती. मग नेदरलँड्समध्ये २८१ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, अर्धे मशीनवर अर्धे बिनमशीन, आणि पाच वर्षांनी तपासलं तर दोन्हीकडची घसरण सारखीच. म्हणजे वय, शुगर, बीपी, आधीपासून खराब झालेल्या रक्तवाहिन्या हीच मोठी कारणं, हे आबांना नीट बसवून सांगा.

मशीन करतं काय तेही सांगा, माहिती नसली की भीती वाढते. हृदयाकडे परत येणारं अशुद्ध रक्त नळीने बाहेर घेतात, ऑक्सिजनेटरमध्ये त्यात प्राणवायू मिसळतो आणि पंप ते महाधमनीत परत सोडतो. हृदयाला पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन शांत करतात म्हणजे सर्जनला स्थिर जागेवर बारीक टाके घालता येतात. हृदय बंद असलं तरी शरीराला रक्त चालूच असतं. १९५३ मध्ये डॉ. जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन असंच मशीनवर यशस्वी केलं, त्यानंतर जगभर लाखो लोक यावरून गेलेत. त्रासही आहेत, रक्त प्लास्टिकला लागलं की अंगात सूज येणारी प्रतिक्रिया उठते, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावं लागतं, आणि महाधमनीला चिमटा लावताना आतल्या भिंतीवर साठलेला चुना (कॅल्शियम) सुटून मेंदूत गेला तर लकवा होऊ शकतो.

आता मुख्य तुलना. कोरोनरी नावाच्या ट्रायलमध्ये १९ देशांतले ४७५२ रुग्ण होते, त्यात आपले भारतातलेही. महिन्याभरात बिनमशीनवाल्यांना रक्त कमी चढवावं लागलं, किडनीचा आणि फुप्फुसाचा त्रास कमी, पण नळी परत उघडायची वेळ जरा जास्त जणांवर आली. पाच वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक, लकवा, किडनी निकामी होणं, परत प्रोसिजर हे सगळं मिळून एका गटात २३.१ टक्के, दुसऱ्यात २३.६. जवळपास सारखंच. जर्मनीत ७५ च्या पुढच्या लोकांवर केलेल्या ट्रायलमध्येही फार फरक दिसला नाही. उलट अमेरिकेच्या रूबी ट्रायलमध्ये पाच वर्षांत बिनमशीन गटात १५.२ टक्के लोक दगावले आणि मशीनवर ११.९, तिथं टीका झाली की कित्येक सर्जनचा बिनमशीनचा हात तेवढा बसलेला नव्हता.

मला यातून एकच गोष्ट कळते, पद्धतीपेक्षा करणारा हात महत्त्वाचा. आपल्याकडे बिनमशीन बायपास खूप होतात आणि चांगल्या होतात, पण सर्जनला स्पष्ट विचारा, तुम्ही रोज कोणत्या पद्धतीने करता, आणि मधेच मशीनवर घ्यायची वेळ किती वेळा येते? कारण घाईघाईत मधेच मशीनवर घेतलेल्यांचे निकाल वाईट असतात. महाधमनीत चुना जास्त असेल तर तिला हात न लावता केलेली बिनमशीन फायद्याची ठरू शकते, नळ्या बारीक असतील आणि जोड जास्त लागणार असतील तर मशीनवर काम नीट होतं. बाकी आबांची शुगर आटोक्यात आणा, किडनी कशी चालते ते सांगणारी क्रिएटिनिनची तपासणी बघा, आणि तंबाखूची मिसरी असेल तर आजच सोडवा, याचा फायदा कोणत्याही पद्धतीत होतो.

प्रश्न : सासूबाईंची बायपास झाली, दुसऱ्या रात्रीपासून बडबडत होत्या, खोलीत माणसं दिसतात म्हणायच्या. नातेवाईक म्हणतात बाहेरचं लागलं, भगताकडे न्या. (धुळे)

उत्तर : ताई, भगताकडे मुळीच नेऊ नका. याला डिलिरियम म्हणतात, मोठ्या हृदय ऑपरेशननंतर वयस्कर लोकांत बऱ्याचदा होतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत जातो. त्यांचा चष्मा, कानाचं यंत्र लावून द्या, दिवसा उजेड ठेवा, रात्री झोपू द्या, घरातलं एक ओळखीचं माणूस जवळ बसून शांतपणे बोलत राहू द्या. पण तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय ढिला पडला, बोलणं अडखळलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा, ते डिलिरियम नसतं.

प्रश्न : शुगर आहे, तीन ब्लॉक आहेत, स्टेंटने (नळीत जाळी बसवून) भागत असेल तर छाती का फोडायची? (शहादा)

उत्तर : भाऊ, नेमक्या तुमच्यासारख्या लोकांवर फ्रीडम ट्रायल झाली, १९०० डायबेटिस असलेले रुग्ण, एकापेक्षा जास्त नळ्यांत ब्लॉक. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा लकवा यातलं काही ना काही स्टेंट गटात २६.६ टक्के लोकांना झालं आणि बायपास गटात १८.७. लकवा मात्र बायपासमध्ये जास्त, ५.२ विरुद्ध २.४ टक्के, हे लपवून चालणार नाही. तरी बहुतेक डायबेटिसवाल्यांना अशा वेळी बायपासच सुचवली जाते. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनाही दाखवा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा, बायपास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते, फक्त ते हॉस्पिटल योजनेत आहे का ते भरती होण्याआधी विचारून घ्या.