एचटूएसची बाटली काळी पडली, पण पाण्यात ई. कोलायच आहे हे एका दिवसात कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका बोअरच्या पाण्याने एचटूएसची बाटली (हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जिवाणू असतील तर काळी पडणारी चाचणीची बाटली) काळी पडली, तर ते ई. कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारा आतड्यातला जिवाणू) समजायचं का, आणि कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत खात्री कशी करायची?

तसं समजू नका. बहुतेक ई. कोलाय हायड्रोजन सल्फाइड तयारच करत नाहीत. बाटली काळी करतात सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम हे दुसरे जिवाणू. खोल बोअरमधले सल्फेटवर जगणारे जिवाणूही करतात आणि त्यांचा मैल्याशी संबंध असेलच असं नाही. म्हणजे पाणी संशयास्पद आहे एवढंच कळलं. निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्यायला मात्र आजच सांगा.

ओळख पटवायला क्रोमोजेनिक कोलिफॉर्म अगार, म्हणजे जिवाणू वाढवून रंगावरून ओळखायचं घट्ट माध्यम, घ्या. त्यात कृत्रिमरीत्या घडवलेले दोन रेणू असतात, सॅमन-गॅल आणि एक्स-ग्लुक. दोन्हींत साखरेच्या रेणूला इंडॉक्सिल जोडलेलं असतं आणि जोड शाबूत असेपर्यंत रंग नसतो. कोलिफॉर्मचं (ई. कोलाय ज्यात मोडतो त्या जिवाणूंच्या गटाचं) बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम पहिली जोड तोडतं, वसाहत (वाढलेल्या जिवाणूंचा ठिपका) गुलाबी-लाल होते. ई. कोलायकडे त्याशिवाय बीटा-ग्लुकुरोनिडेज असतं, ते दुसरीही तोडतं, म्हणून ती गडद निळी-जांभळी दिसते. सुटलेल्या इंडॉक्सिलचे दोन रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे जुळून निळीच्याच कुळातला, पाण्यात न विरघळणारा रंग बनतो. म्हणून तो वसाहतीपुरताच राहतो, शेजारी पसरत नाही. आयपीटीजी हा तिसरा कृत्रिम रेणू नुसता एन्झाइम तयार करायला चालना देतो.

नमुना: पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, तोटीचं तोंड ज्योतीने तापवा, निर्जंतुक बाटलीत १०० मिली भरा. पाण्यात क्लोरीन टाकलं असेल तर १२० मिलीच्या बाटलीत आधीच ३ टक्के सोडियम थायोसल्फेटचं ०.१ मिली द्रावण हवं, नाहीतर वाटेत जिवाणू मरतात आणि घाण पाणी स्वच्छ ठरतं. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो ६ तासांत काम सुरू करा. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत ठेवलेला नमुना तपासण्यात अर्थ नाही.

अगारची भुकटी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ढवळत विरघळवा. ऑटोक्लेव्ह करू नका. पीएच ६.८ च्या आसपास हवा. १०० मिली पाणी ०.४५ मायक्रॉनच्या, ४७ मिमी पडद्यातून गाळा आणि पडदा अगारवर बुडबुडा न राहता टेकवा. ३६ अंशांवर १८ ते २४ तास ठेवा. गढूळ पाणी असेल किंवा वसाहती शंभराच्या वर जात असतील तर १० मिलीच गाळा.

सोलापुरात सगळ्यात जास्त फसवतो तो इन्क्यूबेटर, म्हणजे प्लेट ठरावीक तापमानाला ठेवायची पेटी. साधा इन्क्यूबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. दुपारी खोलीच ४० अंशांवर गेली की आतलं तापमानही तिच्यामागे जातं आणि आकडा भलताच येतो. उन्हाळ्यात थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्यूबेटरच वापरा.

गुलाबी वसाहत दिसली म्हणून ती कोलिफॉर्म ठरवू नका. एरोमोनास हा वेगळा जिवाणूही गुलाबी येतो, आणि तो कोमट पाण्यात हमखास असतो. ती वसाहत आधी साध्या न्यूट्रियंट अगारवर घ्या, मग ऑक्सिडेज चाचणी करा; ऑक्सिडेज हे एन्झाइम असलेल्या जिवाणूंत जांभळा रंग येतो. मूळ प्लेटवरचा रंग ऑक्सिडेजचा जांभळा झाकतो. वसाहत उचलायचा लूप प्लास्टिकचा घ्या, नायक्रोमच्या तारेने खोटा पॉझिटिव्ह येतो. एरोमोनास ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, कोलिफॉर्म निगेटिव्ह.

घाई असेल तर वाढलेली वसाहत एमयूजी या, ग्लुकुरोनिडेजने तोडल्यावर चमकणाऱ्या रेणूने तपासा. बफरमध्ये मिलीलिटरला ०.१ मिग्रॅ एमयूजी, त्यात भरपूर वसाहत कालवा, ३७ अंशांवर तासभर ठेवा आणि ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली अंधारात पाहा. निळी चमक दिसली की ग्लुकुरोनिडेज आहे. चमक फिकी वाटली तर सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, अल्कलीत ती खुलते. काही काचनळ्या स्वतःच चमकतात, म्हणून रिकामी नळी, ई. कोलाय आणि क्लेब्सिएला (न चमकणारा कोलिफॉर्म) असे तिन्ही नमुने शेजारी हवेतच. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

या रंगाची मर्यादा मला महत्त्वाची वाटते: ई. कोलाय ओ१५७:एच७ हा घातक प्रकार सहसा ग्लुकुरोनिडेज निगेटिव्ह असतो, म्हणजे इथे निळा होत नाही. उलट काही शिगेला (जुलाब करणारे दुसरे जिवाणू) या एन्झाइमला पॉझिटिव्ह असतात. गावात रक्ती जुलाबाचे रुग्ण असतील तर निळी वसाहत नाही म्हणून पाण्याला क्लीन चिट देऊ नका, नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवा.

आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलीत ई. कोलायही आढळता कामा नये आणि एकूण कोलिफॉर्मही. नुसत्या गुलाबी, ऑक्सिडेज निगेटिव्ह वसाहती आल्या तर बोअरचा ओटा आणि केसिंगची फट तपासा, क्लोरीन द्या, ते पूर्ण निघून गेल्यावर पुन्हा नमुना घ्या. वापरलेल्या प्लेट १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका.