जॅगरी हा इंग्रजी शब्द ‘गूळ’वरून आला आहे का?

नाही. ‘जॅगरी’चा संबंध आपल्या साखरेशी आहे.

संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे आधी खडे, वाळूची कचकच. मग तशीच दाणेदार साखर. त्याचंच मल्याळममध्ये ‘चक्कर’ झालं. मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी त्याच घराण्यातला शब्द ऐकला, त्यांच्या तोंडी तो ‘जागरा’ झाला आणि 16व्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत ‘जॅगरी’ होऊन बसला. दुसरीकडे तोच ‘शर्करा’ फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मग फ्रेंच असा फिरत ‘शुगर’ झाला. म्हणजे शुगर आणि जॅगरी सख्ख्या बहिणी! ‘कँडी’सुद्धा आपल्या ‘खंड’चीच, म्हणजे तुकडा; खडीसाखर डोळ्यांसमोर आणा.

‘गूळ’ मात्र संस्कृत ‘गुड’वरून, अर्थ गोळा. आमच्या कोल्हापुरात गुऱ्हाळावर काहिलीतला (मोठ्या कढईतला) पाक वाफ्यात, म्हणजे निववायच्या पसरट जागेत ओततात, घोटतात आणि गरम असतानाच फडकं घातलेल्या साच्यात भरतात. फडकं सोडलं की घट्ट, पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, बाहेर येतो. तो हातात घेतला की ‘गोळा’ हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इथल्या बाजारात आजही सौदा ‘गुळा’चाच होतो, ‘जॅगरी’ फक्त पाकिटावर दिसते.