फुगडी घालू दे तिला

पत्र: मावशी, मी गोव्यातल्या पेडण्याहून लिहिते. जानेवारी २०२२ मध्ये माझ्या मुलीला कोरोना झाला, तेव्हा ती ७ महिन्यांची होती. न्यूमोनिया झाला, ५ दिवस ऑक्सिजन लागला, व्हेंटिलेटर नाही लागला. आता ती ४ वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण सासूबाई म्हणतात, कोरोनाने दगड झालेलं फुफ्फुस परत मऊ होत नाही. त्यांचा भाऊ मे २०२१ मध्ये कोरोनानेच गेला. बाळ आजारी पडायच्या आधी नणंदेच्या लग्नाला तिला मीच घेऊन गेले होते. अजून रात्री उठून तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. धावली की ओरडते. शाळेच्या गॅदरिंगला तिला फुगडीत घेतलंय. पाठवू का? घरात सगळ्यांना मी वेडी वाटते. – एक आई

बाय,

वेडी नाहीस तू. ७ महिन्यांच्या लेकीच्या नाकात नळी बघितली की आईची झोप उडतेच. आधी तो दगड बाजूला काढू, तुझी सगळी भीती त्याच्यावरच उभी आहे.

हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून. हे प्रथिन नाकात असतं, तसं फुफ्फुसाच्या अगदी टोकाला, हवेच्या इवल्या फुग्यांतल्या, म्हणजे वायुकोशांतल्या काही पेशींवरही असतं. त्या पेशी फार कामाच्या. साबणासारखा एक पातळ थर त्या बनवतात, त्यामुळे श्वास सोडला तरी वायुकोश मिटून बसत नाहीत. आजार खोल उतरला की नेमक्या याच मरतात. त्यात शरीराची स्वतःची लढाई पेटते, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि हवेच्या जागी पाणी भरतं. एक्स-रेत पांढरं दिसतं ते हे. तान्ह्या बाळाच्या श्वासनळ्याही बारीक. नळी निम्मी अरुंद झाली, तर हवा आत ओढायला सोळापट जोर लागू शकतो. म्हणून पोर इतकं धापा टाकतं.

मोठ्या माणसात हे सगळं आठवडेन् आठवडे चाललं की भरून येताना व्रण राहू शकतो. सासूबाईंचा दगड तो. म्हणजे त्या खोटं बोलत नाहीत, पण बोलतात ते भावाच्या फुफ्फुसाबद्दल, नातीच्या नव्हे. जन्माच्या वेळी बाळाकडे काही कोटीच वायुकोश असतात. मोठ्या माणसाकडे ३० कोटींच्या वर. मधले बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात, थोडे पुढेही होत राहतात. घर बांधून व्हायच्या आत पूर आला, ही वाईट गोष्ट. पण गवंडी अजून कामावर होते, हेही तितकंच खरं. साबणासारखा थर बनवणाऱ्या ज्या पेशी वाचल्या, त्याच वाढून पडझड भरून काढतात. तुझी लेक व्हेंटिलेटरशिवाय ५ दिवसांत ऑक्सिजनवरून उतरली, आज धावते, आणि धावली म्हणून ओरडा खाते. दगडाच्या फुफ्फुसाने असं धावता येतं का गं?

आता तो ऑक्सिमीटर. मोठ्यांच्या बोटासाठी केलेला चिमटा इवल्या बोटावर नीट बसत नाही. बोट गार असेल, पोर हललं, तर आकडा घसरतो आणि तुझा जीव खाली-वर होतो. ठेव तो कपाटात. कधी खोकला-ताप आला तर ती शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती बघ. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, पाणी पीत नसेल, सुस्त पडली असेल किंवा ओठ निळे दिसले, तर मोजत बसू नकोस, १०८ ला फोन कर. फुफ्फुसाची फुंकायची तपासणी पाच-सहा वर्षांची मुलं नीट करू शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचार. वारंवार खोकला किंवा छातीत शिट्टी वाजत असेल तर त्याआधीच दाखव.

आणि एक विचारते, राग मानू नको. ऑक्सिमीटर लावतेस त्या खोलीत मच्छरची कॉईल जळते का? न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली अजून माडाची चुडतं पेटतात का? पोरीची दृष्ट काढून मिरच्या-मोहरी निखाऱ्यावर टाकतात का? लहानपणी तिला धुरी दिली असेल, आम्हीही दिली, आमच्या पोरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि आम्ही म्हणायचो, कफ सुटतोय! वाढत्या फुफ्फुसाला धूर नको, कसलाच. भाण पेटवायचंच असेल तर तिला लांब ठेव, मच्छरदाणी लाव, दृष्ट मीठ ओवाळून काढा, सासूबाईंचंही मन राहील. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाहेर पाठव, नवरा असला तरी. दिवाळीत नरकासुराच्या रात्री फटाक्यांचा धूर असतो, तेव्हा दारं लावून घ्या. फ्लूची लस दरवर्षी द्यायची का, तेही डॉक्टरांना विचार.

लग्नाचं म्हणशील, तर त्या जानेवारीत ओमिक्रॉन घराघरांत फिरत होता. तिच्या वयाला आपल्याकडे लस नव्हती, आणि ५ वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नका असं सरकारी मार्गदर्शनच होतं. घरी राहिली असतीस तरी दूधवाला आला असता, सासरे बाजारात गेले असते. हे मी तुझं समाधान करायला लिहीत नाही, तसंच होतं. पण रात्री उठण्याचं कारण जर हा अपराध असेल आणि त्याने दिवसाही काही सुचत नसेल, तर एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. कुणाला सांगायचं नसेल तर म्हापशाला बाजाराला जाते म्हण.

फुगडीला पाठव. शेवटी जोरात 'फू' करायचं असतं ना, ते तिला घरी आधीपासून शिकव. तू पण कर तिच्याबरोबर.

तुझी,
मावशी